परस्परलंब फलनें : भेंडवळच्या घटापासून कोसंबींच्या गणितापर्यंत

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर भागांत, सातपुड्याच्या पायथ्याशीं, जळगांव जामोद हें तालुक्याचें गांव आहे. याच तालुक्यांत पूर्णा नदीच्या कांठीं भेंडवळ नांवाचें एक खेडें असून, अक्षय्यतृतीयेच्या दिवशीं सायंकाळीं तेथील शेतांत घटमांडणी होते. जमिनीवर एक वर्तुळ आंखून त्याच्या कडेनें गहूं, ज्वारी, तूर, मूग, उडीद, तीळ, सरकी अशीं अठरा प्रकारचीं धान्यें मांडण्यांत येतात. मध्यभागीं खड्डा करून त्यांत मातीचीं चार ढेकळें ठेवतात आणि त्यांवर पाण्यानें भरलेली घागर. घागरीवर पापड, कुरडई इत्यादि पदार्थ. रात्रभर तिकडे कोणी फिरकत नाहीं. दुसऱ्या दिवशीं सूर्योदयाच्या सुमारास मांडणींत काय पालट झाला हें पाहून पिकांचें व पावसाचें भाकीत सांगण्यांत येतें. चंद्रभान महाराजांनीं सुरू केलेली ही प्रथा सुमारें साडेतीनशें वर्षांची आहे असें सांगतात. तें भाकीत ऐकण्यासाठीं दूरदूरचे शेतकरी तेथें जमतात.

मांडणींतील चार ढेकळें म्हणजे पावसाळ्याचे चार महिने होत. जून, जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर या प्रत्येकाचें एक ढेकूळ. त्याच्या स्थितीवरून त्या त्या महिन्याचा पाऊस वर्तवावयाचा. एका रात्रींत मातीस पोहोंचलेली ओल आणि पुढील चार महिन्यांचें पाऊसमान यांना जोडणारें कोणतेंही कारण शास्त्रास ज्ञात नाहीं. यास्तव त्या भाकितास शास्त्राचा आधार देतां येत नाहीं. परंतु मांडणींतून जो प्रश्न विचारला जातो तो मात्र मोठ्या जाणतेपणाचा आहे. "यंदा पाऊस किती?" एवढेंच विचारून कोरडवाहू शेतकऱ्याचें भागत नाहीं. तो केव्हां पडेल, पेरणीनंतर किती दिवस दडी मारील, कापूस फुटावयाच्या वेळीं पुन्हां कोसळेल कीं काय, हें सर्व त्यास हवें असतें. म्हणून त्यानें एका मोठ्या प्रश्नाचे चार लहान प्रश्न केले आणि प्रत्येकास वेगळें ढेकूळ दिलें.

एखादी गुंतागुंतीची वस्तु तिच्या घटकांत फोडावी, प्रत्येक घटकाचा विचार स्वतंत्रपणें करावा आणि शेवटीं ते घटक जोडून मूळ वस्तु परत उभी करावी, ही गणितशास्त्राची फार जुनी रीत आहे. या रीतींत एक अडचण मात्र नेहमीं उभी राहते. घटक कसेही पाडले तर ते एकमेकांत गुंततात. एकाचा हिशेब करूं जातां दुसऱ्याचा बिघडतो. हे घटक असे पाडावे कसे कीं, एकानें सांगितलेली गोष्ट दुसऱ्यानें पुन्हां सांगूं नये? या प्रश्नास गणितानें दिलेलें उत्तर म्हणजे परस्परलंब फलनें. ध्वनि, उष्णता, गुरुत्वाकर्षण, अणूची रचना आणि अखेर आपला मोसमी पाऊस, इतक्या दूरदूरच्या विषयांत हें एकच उत्तर उपयोगी पडलें आहे.

प्रथम 'लंब' या शब्दाचा अर्थ पाहावा. जळगांव जामोदच्या उत्तरेस सातपुडा आहे व दक्षिणेस पूर्णेचें काळ्या मातीचें खोरें आहे. तेथून निघालेला वाटसरू किती मैल उत्तरेस गेला व किती मैल पूर्वेस गेला हे दोन आंकडे सांगितले, कीं त्याचें ठिकाण निश्चित होतें. यांत विशेष हा कीं, तो आणखी एक मैल उत्तरेस सरकला तरी पूर्वेचा आंकडा तसाच राहतो. आतां उत्तर-पूर्व सोडून देऊन दुसऱ्या दोन दिशा घ्याव्या. जळगांवाहून नांदुरा दक्षिणेस किंचित् पश्चिमेकडे आहे, आणि शेगांव आग्नेयेस आहे. नांदुऱ्याच्या दिशेनें किती व शेगांवच्या दिशेनें किती, असे दोन आंकडे देऊनही ठिकाण सांगतां येईल. परंतु या दोन्ही दिशा दक्षिणेकडे झुकलेल्या असल्यामुळें नांदुऱ्याकडे टाकलेलें प्रत्येक पाऊल कांहीं अंशीं शेगांवकडेही नेतें. एका आंकड्यांत थोडी चूक झाली कीं दुसराही बदलावा लागतो. दोन दिशांमध्यें काटकोन असला म्हणजे हा गुंता राहत नाहीं. काटकोनाचें खरें मोल भूमितीच्या आकृतीपेक्षां या स्वातंत्र्यांत आहे.

दोन दिशा काटकोनांत आहेत कीं नाहींत हें आकृति न काढतांही ठरवितां येतें. समजा, एक वाट तीन मैल पूर्वेस व चार मैल उत्तरेस जाते. दुसरी चार मैल पूर्वेस व तीन मैल दक्षिणेस जाते. दक्षिणेस जाणें म्हणजे उत्तरेस उणे जाणें. आतां पूर्वेच्या आंकड्यास पूर्वेच्या आंकड्यानें आणि उत्तरेच्या आंकड्यास उत्तरेच्या आंकड्यानें गुणून बेरीज करावी : तीन चोक बारा, आणि चार गुणिले उणे तीन म्हणजे उणे बारा. बेरीज शून्य. ही बेरीज शून्य आली, कीं वाटा परस्परांस लंब आहेत असें समजावें. या साध्या कसोटींत एक मोठी शक्ति दडलेली आहे. कागदावर दोनच दिशा काढतां येतात, अवकाशांत तीन; परंतु गुणाकारांची बेरीज चार आंकड्यांची, शंभरांची किंवा अनंतांचीही करतां येते. जेथें डोळ्यांस काटकोन दिसूं शकत नाहीं तेथेंही ही कसोटी तो दाखवून देते.

भेंडवळच्या चार ढेकळांकडे परत येऊन पाहतां हें अधिक स्पष्ट होईल. केवळ उदाहरणादाखल एका गांवीं जूनमध्यें १२०, जुलैमध्यें २४०, ऑगस्टमध्यें २०० व सप्टेंबरमध्यें १४० मिलिमीटर पाऊस पडला असें धरावें. एकूण ७०० मिलिमीटर. आतां चार नमुने तयार करावे. पहिल्या नमुन्यांत चारही महिन्यांस अधिक एक. दुसऱ्यांत पहिल्या दोन महिन्यांस अधिक एक व नंतरच्या दोहोंस उणे एक. तिसऱ्यांत जून व सप्टेंबर या कडेच्या महिन्यांस अधिक एक, आणि मधल्या जुलै-ऑगस्टास उणे एक. चवथ्यांत एकाआड एक : अधिक, उणे, अधिक, उणे. यांतील कोणतेही दोन नमुने घेऊन वरील कसोटी लावावी. बेरीज शून्यच येते. अर्थात् हे चारही नमुने परस्परलंब आहेत.

कोणत्या नमुन्याचा पावसांत किती अंश आहे हें काढणें सोपें आहे. त्या नमुन्याच्या चिन्हांप्रमाणें चार महिन्यांचा पाऊस मिळवावा-वजा करावा आणि चारानें भागावें. पहिल्या नमुन्याचा अंश १७५ येतो. ती तर महिन्याची सरासरीच होय. दुसऱ्याचा ५, तिसऱ्याचा उणे ४५, चवथ्याचा उणे १५. हे चार आंकडे हातीं असले म्हणजे मूळ पाऊस पुन्हां उभा करतां येतो. जूनसाठीं १७५ अधिक ५ उणे ४५ उणे १५, म्हणजे बरोबर १२०. जुलैसाठीं १७५ अधिक ५ अधिक ४५ अधिक १५, म्हणजे २४०. यांत कांहीं हरवलें नाहीं, कांहीं वाढलेंही नाहीं. केवळ सांगण्याची रीत बदलली.

या रीतीचे दोन गुण ध्यानांत ठेवण्यासारखे आहेत. पहिला असा कीं, कोणताही एक अंश काढण्यास इतर अंश ठाऊक असण्याची गरज नाहीं, आणि मागाहून आणखी एक नमुना विचारांत घेतला तरी पूर्वीं काढलेला आंकडा बदलत नाहीं. दुसरा गुण असा कीं, शाळेंत शिकविलेला काटकोन त्रिकोणाचा सिद्धांत येथेंही लागू पडतो. चार महिन्यांच्या पावसाचे वर्ग करून बेरीज केली तर ती १,३१,६०० येते. चार अंशांचे वर्ग करून, त्यांची बेरीज चारानें गुणली तरीही १,३१,६०० च येते. म्हणजे प्रत्येक नमुन्याच्या वांट्यास एकंदरींतील किती भाग आला हें निर्विवादपणें सांगतां येतें. भावाभावांच्या वांटणींत एकाच शेताचा तुकडा दोघांच्या नांवें लागावा, तसा घोटाळा येथें होत नाहीं.

आतां महिन्यांऐवजीं पावसाळ्याचे १२२ दिवस घ्यावे, म्हणजे १२२ आंकडे होतील. दिवसांचे तास, तासांचे क्षण केले तर आंकड्यांची माळ नाहींशी होऊन एक अखंड वक्ररेषा उरेल. प्रत्येक क्षणास एक आंकडा नेमून देणाऱ्या अशा नियमास गणितांत फलन म्हणतात. दोन फलनें क्षणोक्षणीं गुणून अखंड बेरीज केली, जिला समाकलन असें नांव आहे, आणि ती शून्य आली, तर तीं फलनें परस्परलंब. नांव अवघड असलें तरी कल्पना तीच, चार ढेकळांची.

अशा फलनांचीं कुळें गणितज्ञांस प्रथम सांपडलीं तीं पदार्थविज्ञानाच्या प्रश्नांतून. फ्रेंच पंडित फूर्ये यानें तापलेल्या पदार्थांतून उष्णता कशी पसरते याचा विचार करतांना १८०७ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, उष्णतेची कशीही वांकडीतिकडी वांटणी साध्या, नियमित लाटांच्या बेरजेनें दाखवितां येते. तत्कालीन थोर गणितज्ञांस तें सहजासहजीं पटलें नाहीं; त्याचा ग्रंथ प्रसिद्ध होण्यास १८२२ साल उजाडलें. या लाटा परस्परलंब आहेत. सतारीची तार छेडली असतां मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे जे सूक्ष्म स्वर उमटतात, ते त्याच कुळांतील होत. गोलाकृति वस्तूसाठीं मात्र ह्या लाटा पुरत नाहींत. ग्रहांच्या आकर्षणाचा विचार करतांना लजांद्र यानें अठराव्या शतकाच्या अखेरीस दुसरें एक कुळ शोधून काढलें. वाटोळ्या चामड्याच्या कंपनांस बेसेल याच्या नांवानें ओळखलीं जाणारीं फलनें लागतात.

चामड्याची गोष्ट भारतीयांस विशेष अभिमानाची आहे. सर्वत्र सारख्या जाडीचें चामडें ताणून वाजविलें तर त्याचे वरचे स्वर मूळ स्वराच्या १.५९, २.१४, २.३० अशा अडनिड्या पटींत निघतात. म्हणून साध्या ढोलांतून सूर न निघतां धडधड ऐकूं येते. आपल्या तबल्याच्या व मृदंगाच्या पुडीवर मध्यभागीं शाई चढविलेली असते. या वाद्यांवर चंद्रशेखर व्यंकट रामन् यांनीं १९२० सालीं व पुढें १९३४ सालीं संशोधन करून दाखविलें कीं, शाईच्या भारामुळें ते अडनिडे स्वर सरकून मूळ स्वराच्या जवळजवळ पूर्ण पटींत येऊन बसतात. नऊ निरनिराळे कंपनप्रकार पांच स्वरांत सामावतात. ज्या कारागिरानें पहिल्यानें शाई चढविली त्यास बेसेलचें नांव ठाऊक असणें शक्य नव्हतें. परंतु कोणतें कंपन कोठें सरकवावें हें त्याच्या कानानें बरोबर ओळखलें होतें.

तार, गोल, चामडें या प्रत्येकाचें कुळ वेगळें; तरीही प्रत्येक कुळांतील फलनें परस्परलंबच कां निघावीं? या प्रश्नाचा उलगडा स्टुर्म व लिऊव्हील यांनीं १८३६-३७ च्या सुमारास केला. कंपनाचें समीकरण एका विशिष्ट सममित स्वरूपाचें असलें, आणि कडा योग्य रीतीनें बांधलेल्या असल्या, म्हणजे निरनिराळ्या कंपनसंख्यांच्या हालचाली परस्परलंब असल्याच पाहिजेत, असें त्यांच्या सिद्धांताचें सार आहे. गणितज्ञांनीं केवळ जिज्ञासेनें अभ्यासिलेलीं अशीं कुळें पुढें अनपेक्षित ठिकाणीं कामास आलीं. एर्मीत व लागेर या फ्रेंच गणितज्ञांच्या नांवांनीं प्रसिद्ध असलेल्या बहुपदी एकोणिसाव्या शतकांतील आहेत. लागेर १८८६ सालीं निवर्तला. त्यानंतर चाळीस वर्षांनीं, १९२६ सालीं, श्रोडिंगर यानें हायड्रोजनच्या अणूचें समीकरण मांडलें, तेव्हां त्याच्या उत्तरांत लागेरच्या व लजांद्रच्या कुळांतील फलनें तयारच सांपडलीं. आणि स्प्रिंगप्रमाणें मागेंपुढें हालणाऱ्या सूक्ष्म कणाच्या प्रश्नांत एर्मीतचीं.

येथपर्यंतची सर्व कुळें वस्तूच्या आकारानें ठरविलेलीं होतीं. परंतु पावसास ना तार, ना चामडें, ना गोल. त्याचा नमुना कोणत्या आकारावरून ठरवावा? मागें घेतलेले अधिक-उणे एकाचे चार नमुने सोयीसाठीं निवडलेले होते. पावसानें ते निवडले नव्हते.

पावसाचा आगाऊ अंदाज गणितानें करण्याचा मोठा प्रयत्न भारतांत विसाव्या शतकाच्या आरंभीं झाला. १९०४ ते १९२४ पर्यंत हवामान खात्याचे प्रमुख असलेले सर गिल्बर्ट वॉकर हे केंब्रिजचे १८८९ सालचे सीनियर रँग्लर; दहा वर्षांनीं, १८९९ सालीं, हाच मान रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांना मिळाला. वॉकर यांनीं जगांतील निरनिराळ्या ठिकाणच्या वायुभाराचे व तपमानाचे आंकडे घेऊन भारतांतील पावसाशीं त्यांचा सहसंबंध तपासला. या शोधांतूनच प्रशांत व हिंदी महासागरांवरील वायुभाराच्या आंदोलनाचा त्यांना पत्ता लागला. परंतु या पद्धतींत एक मूलभूत अडचण होती. पावसाची वार्ता सांगणारीं अनेक चिन्हें एकमेकांशींही संबद्ध असतात. चार साक्षीदार एकाच माणसाकडून ऐकलेली हकीकत सांगूं लागले, तर पुरावा चौपट झाला असें म्हणतां येत नाहीं. नांदुरा व शेगांव या तिरक्या दिशांचाच हा प्रकार होय.

या अडचणीच्या मुळाशीं जाणारा विचार पुण्यांतील एका प्राध्यापकानें मांडला. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजीं गोमंतकांतील कोसबें येथें झाला. बौद्धधर्माचे प्रकांड पंडित धर्मानंद कोसंबी हे त्यांचे वडील. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाची पदवी १९२९ सालीं घेऊन ते परत आले. काशी व अलीगढ येथें कांहीं काळ शिकविल्यानंतर ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत गणिताचे प्राध्यापक झाले. पुढें भारतीय इतिहासाचे अभ्यासक म्हणून त्यांचें नांव इतकें गाजलें कीं, त्यांचें गणित अनेकांस ठाऊकही नसतें. १९४३ सालीं भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकांत त्यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. फलनांच्या अवकाशांतील संख्याशास्त्र हा त्याचा विषय. तोपर्यंत संख्याशास्त्र मुख्यतः एकेकट्या आंकड्यांचा विचार करी : माणसाची उंची, दाण्याचें वजन, नाण्याची झीज. कोसंबींनीं संबंध वक्ररेषाच एक निरीक्षण म्हणून घेतली.

त्यांची कल्पना पावसाच्या भाषेंत अशी सांगतां येईल. एका ठिकाणचा साठ वर्षांचा दैनंदिन पाऊस घ्यावा. प्रत्येक वर्षाची एक, अशा साठ वक्ररेषा होतील. त्यांतून सरासरी वजा करावी, म्हणजे प्रत्येक वर्षाची सरासरीपासूनची तफावत उरेल. मग पावसाळ्यांतील दिवसांची प्रत्येक जोडी घेऊन असें विचारावें : या दिवशीं पाऊस अधिक पडला असतां त्या दिवशींही तो अधिक पडतो काय, कीं उलट कमी पडतो? १२२ दिवसांच्या अशा जोड्यांचें कोष्टक १४,८८४ घरांचें होईल. या कोष्टकानेंच एखाद्या नमुन्यास गुणलें, तर सामान्यतः त्याचा आकार पालटून जातो. परंतु कांहीं मोजके नमुने असे असतात कीं, गुणल्यानंतरही त्यांचा आकार जशाचा तसा राहतो. फक्त ते लहानमोठे होतात. हेच त्या पावसाचे स्वतःचे नमुने. कोष्टक सममित असल्यामुळें, म्हणजे जूनच्या दिवसाचा ऑगस्टच्या दिवसाशीं जो संबंध तोच ऑगस्टचा जूनशीं असल्यामुळें, हे नमुने परस्परलंब निघतात. स्टुर्म व लिऊव्हील यांच्या सिद्धांतांतील सममितता येथें नव्या वेषांत पुन्हां भेटते.

यांत एक नवें वैशिष्ट्य आहे, आणि तेंच या विचाराचें मर्म होय. मागील उदाहरणांतील चार नमुने आकारानें परस्परलंब होते. परंतु वर्षानुवर्षांचे त्यांचे अंश एकमेकांशीं संबद्ध असण्यास कांहींच प्रतिबंध नव्हता. एकूण पाऊस ज्या वर्षीं जास्त त्याच वर्षीं मधल्या महिन्यांचा जोरही जास्त, असें वारंवार घडूं शकतें. मग दोन आंकडे थोड्याफार प्रमाणांत एकच गोष्ट सांगतात. कोसंबींच्या रीतीनें काढलेले नमुने दोन्ही अर्थांनीं अलग असतात : आकारानेंही परस्परलंब, आणि त्यांचे अंशही परस्परांशीं सहसंबंध नसलेले. शिवाय पहिला नमुना एकंदर तफावतीचा जास्तींत जास्त भाग स्वतःकडे घेतो, दुसरा उरलेल्यांतील जास्तींत जास्त, आणि याप्रमाणें पुढें. त्यामुळें थोडक्या नमुन्यांत बहुतेक सर्व हकीकत सांगून होते. फूर्येनें नमुने वस्तूच्या आकारावरून घेतले. कोसंबींनीं ते निरीक्षणांकडूनच वदवून घेतले.

फिनलंडमधील कारहुनेन व फ्रान्समधील लोएव्ह हे स्वतंत्रपणें याच सिद्धांताशीं येऊन पोहोंचले. त्यांचे लेख कोसंबींच्या नंतरचे आहेत. तरीही सिद्धांतास दीर्घ काळ त्या दोघांचींच नांवें होतीं. महायुद्धाच्या दिवसांत भारतांतील नियतकालिक परदेशीं कितीकांच्या वाचनांत आलें असेल हें सांगणें कठीण आहे. अलीकडे मात्र अनेक ग्रंथांतून कोसंबींचें नांव आरंभीं लावून त्याचा उल्लेख होऊं लागला आहे. कोसंबी पुढें मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत गेले, आणि २९ जून १९६६ रोजीं पुण्यांत त्यांचें निधन झालें.

हवामानशास्त्रांत ही रीत रुजली ती मुख्यतः अमेरिकेंतील एडवर्ड लॉरेन्झ यांच्या १९५६ सालच्या कामापासून. त्यांनीं अशा नमुन्यांस निरीक्षणांतून निघालेलीं परस्परलंब फलनें या अर्थाचें नांव दिलें, आणि दिवसांऐवजीं नकाशावरील ठिकाणें घेऊनही तोच हिशेब करतां येतो हें जगास परिचित झालें. मोसमी पावसाच्या अभ्यासांत तिचा पुष्कळ उपयोग झाला आहे. पावसांत खंड पडतो तेव्हां मध्य भारतांत उघडीप होते आणि हिमालयाच्या पायथ्याशीं मात्र पाऊस वाढतो. ही तराजूच्या दोन पारड्यांसारखी रचना या गणितांतून स्वच्छ दिसते. विषुववृत्ताजवळ मेघांचा एक प्रचंड समूह सुमारें तीस ते साठ दिवसांच्या अवधीनें पूर्वेकडे सरकत असतो. त्याचा ठाव घेण्यासाठीं व्हीलर व हेंडन या ऑस्ट्रेलियांतील शास्त्रज्ञांनीं २००४ सालीं एक निर्देशांक सुचविला. मेघ व वारे यांच्या असंख्य आंकड्यांतून फक्त दोन परस्परलंब नमुने घेऊन त्यांचे अंश दोन काटकोनी अक्षांवर मांडावयाचे, कीं घड्याळाच्या कांट्याप्रमाणें एक बिंदु आठ विभागांतून फिरतांना दिसतो. तो आज कोणत्या विभागांत आहे यावरून पुढील दोनतीन आठवड्यांत आपल्याकडे पाऊस जोर धरील कीं दडी मारील याचा अदमास घेण्यास साहाय्य होतें.

या सर्व गणिताचा जळगांव जामोदच्या शेतकऱ्याशीं संबंध काय? मागील उदाहरणाशेजारीं दुसरें एक वर्ष ठेवून पाहावें. जूनमध्यें २६०, जुलैमध्यें ६०, ऑगस्टमध्यें ११० आणि सप्टेंबरमध्यें २७० मिलिमीटर. एकूण पाऊस पुन्हां ७००. महिन्याची सरासरी तीच १७५. परंतु तिसऱ्या नमुन्याचा अंश पहिल्या वर्षीं उणे ४५ होता तो आतां अधिक ९० झाला. पाऊस कडेला गेला व मध्य कोरडा राहिला. जूनच्या ओलीवर केलेली पेरणी जुलैच्या उघडिपींत करपली, दुबार पेरणीसाठीं पुन्हां बियाणें विकत घ्यावें लागलें, आणि कापसाचीं बोंडें फुटावयाच्या वेळीं पावसानें झोडपलें. कागदावर दोन्ही वर्षें सारखीं. घरांत मात्र एका वर्षीं दिवाळी व दुसऱ्या वर्षीं कर्ज. हा सारा फरक सरासरींत न दिसणाऱ्या तीन आंकड्यांत आहे.

हवामान खातें एप्रिल महिन्यांत संबंध देशाच्या पावसाचा जो अंदाज देतें, तो दीर्घकालीन सरासरीच्या शेंकडेवारींत असतो. १९७१ ते २०२० या काळावरून ही सरासरी ८७ सेंटिमीटर धरण्यांत आली असून, तिच्या शेंकडा ९६ ते १०४ पर्यंतच्या पावसास सर्वसाधारण म्हणतात. हा अंदाज मोलाचा आहे. धरणें, धान्याचे सांठे, देशाचा व्यापार यांच्या योजना त्यावरच बेतल्या जातात. परंतु गणिताच्या भाषेंत तो फक्त पहिल्या नमुन्याचा अंश होय. "पाऊस सर्वसाधारण" असें ऐकून ज्याचें पीक बुडालें तो शेतकरी खात्यास खोटें ठरवितो, आणि खातें आपल्या आंकड्याकडे बोट दाखवितें. वस्तुतः दोघेही खरेंच बोलत असतात. प्रश्न दोन निरनिराळ्या नमुन्यांचा असतो. म्हणूनच २०२१ सालापासून जून ते सप्टेंबर या महिन्यांचा वेगवेगळा अंदाज देण्यास सुरुवात झाली, आणि पुढील चार आठवड्यांचा अंदाज दर आठवड्यास देण्यांत येतो, ही योग्य दिशेनें टाकलेलीं पावलें आहेत. वेगळ्या वाटेनें कां होईना, शास्त्र चार ढेकळांच्या प्रश्नाजवळ आलें आहे.

मात्र या गणिताच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. परस्परलंब नमुने झालेल्या पावसाचें उत्तम वर्णन करतात. होणाऱ्या पावसाचें भाकीत त्यांतून आपोआप निघत नाहीं. दोन अंशांत सहसंबंध नाहीं एवढ्यावरून ते सर्वस्वी स्वतंत्र आहेत असेंही सिद्ध होत नाहीं. आणखी एक गोष्ट अशी कीं, नमुन्यांनीं परस्परलंब असावें ही अट गणितज्ञानें घातलेली आहे. निसर्गाच्या कारणांनीं ती पाळलीच पाहिजे असें नाहीं. तारेच्या बाबतींत प्रत्येक नमुना हें खरें कंपन असतें. पावसाच्या बाबतींत पहिला नमुना बहुधा अर्थपूर्ण असतो. पुढचे कित्येकदां केवळ हिशेबाची सोय असतात. प्रत्येक नमुन्यामागें वाऱ्याचें वा समुद्राचें एखादें कारण हुडकीत बसणारा अभ्यासक फसण्याचा संभव असतो. आणि गांवोगांवचा दैनंदिन पाऊस वर्षानुवर्षें प्रामाणिकपणें मोजला गेला नसेल, तर कोष्टकच चुकीचें होईल. मग त्यांतून निघणाऱ्या सुबक नमुन्यांस कांहींच किंमत नाहीं. पर्जन्यमापकाजवळ रोज सकाळीं जाऊन आंकडा टिपणारा माणूस हा या सर्व गणिताचा पाया आहे.

अक्षय्यतृतीया दरवर्षीं येते. पूर्णेच्या कांठीं चार ढेकळें मांडलीं जातात आणि पहांटे लोक उत्तरासाठीं थांबतात. त्यांना हवें असलेलें उत्तर मातीच्या ढेकळांतून मिळणार नाहीं, आणि एका सरासरीच्या आंकड्यांतूनही मिळणार नाहीं. तें मिळावयाचें तर पावसाचा प्रत्येक घटक वेगळा ओळखून, एकाची वार्ता दुसऱ्यांत न मिसळूं देतां, चिकाटीनें मोजावा लागेल. तशी मोजणी कशी करावी हें १९४३ सालीं पुण्याच्या एका मराठी प्राध्यापकानें सांगून ठेवलें आहे.